बराबर म्हणजे काय बराबर

अन्याय आमच्यावर झाला. आम्ही म्हणजे अकरावी विज्ञानाच्या वर्गात खरोखर येऊन बसणारी सात पोरं-पोरी. कधी झाला, तर दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सोमवारी, दुसऱ्या तासाला, केमिकल इक्विलिब्रियमचा धडा अर्ध्यावर असताना. हे आधीच सांगून टाकते. पत्रकं लिहून लिहून मला एवढं कळलंय की पहिल्या दोन ओळींत मुद्दा आला नाही, तर लोक त्या कागदात भजी बांधतात.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. वाटूरला बस बदलायची आणि पुढं चांगलंच हिंदकळत जायचं, एवढं पुरे. माध्यमिक शाळेच्याच इमारतीवर दोन खोल्या चढवलेल्या, ते आमचं कनिष्ठ महाविद्यालय. खालच्या शाळेत खिचडी शिजायची आणि तिचा वास आमच्या फळ्यापर्यंत यायचा. पटावर आमचा वर्ग गच्च भरलेला होता. पण त्यातली बहुतेक नावं लातूरला नाहीतर संभाजीनगरला क्लासच्या होस्टेलवर झोपायची, उठायची. प्रवेश इकडे, अभ्यास तिकडे. आमच्याकडे ती पोरं फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला उगवायची. याला कुणी खोटेपणा म्हणत नव्हतं. 'टायअप' म्हणायचे. ज्यांच्या घरी क्लासचा विषयसुद्धा कधी निघाला नव्हता, ते आम्ही वर्गात उरायचो.

दहावीपर्यंत आमचं सगळं मराठीत. अकरावीला पुस्तक इंग्रजीत हातात पडलं. माझ्या शेजारी जी मैत्रीण बसायची तिच्या घरी मेंढरं होती, आणि तिची जीभ तिच्या बापाच्या काठीसारखी सगळीकडे फिरायची. इक्विलिब्रियम हा शब्द ती पहिल्यांदा वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"मायबाई! ह्यो शब्द हाय का मालगाडी? डबे संपनातच."

केमिस्ट्रीच्या मॅडम हसल्या. त्यांना हसता यायचं, ही त्या कॉलेजात साधी गोष्ट नव्हती. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या शिक्षिका. कायमची नेमणूक नाही, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. जालन्यात मस्तगडला राहायच्या आणि रोज एसटीने यायच्या. वर्गात शिरल्या की आधी ओढणीने चेहऱ्यावरची धूळ पुसायच्या, मग पर्समधून खडू काढायच्या. कॉलेजचा खडू उमटत नाही म्हणून स्वतःचा आणायच्या. तो खडूचा तुकडा बाहेर येताना बघायला मला आवडायचं. आजही कुणी पर्स उघडली की माझं लक्ष क्षणभर तिकडे जातं.

तर त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर ती मालगाडी लिहिली आणि विचारलं, "मराठीत ह्याला समतोल म्हणतात. समतोल म्हंजे काय?"

मी हात वर केला. मी नेहमीच हात वर करायचे. "दोन्ही बाजू बराबर, मॅडम."

"काय बराबर?"

"म्हंजे... बराबर."

"ते ऐकलं. पण काय बराबर?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. हिशेब जुळला, बराबर. भाजीत मीठ ठीक पडलं, बराबर. कुणी शहाण्यासारखं बोललं, बराबर. भावकीतला तंटा मिटला, तरी बराबर. एकच शब्द सगळीकडे चालतो. त्याच्या खाली काय आहे, ते उचकटून बघायची कुणाला गरज पडत नाही.

मॅडमनी सगळ्यांना एक सोपं कोडं घातलं. बंद भांड्यात एक पदार्थ आहे, त्याचा दुसरा बनतोय, आणि दुसऱ्याचा परत पहिला बनतोय. समतोल आला, तेव्हा पहिला किती राहील? सातही जणांनी एकच उत्तर दिलं, निम्मा. समतोल म्हणजे बराबर आणि बराबर म्हणजे निम्मं-निम्मं, इतकं ते आम्हाला सरळ वाटत होतं.

मॅडम आमच्या वह्या बघत फिरल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं एकसारखंच चुकलंय. म्हंजे चूक तुमची न्हाई, शब्दाची हाय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या खिचडीवाल्या मावशींचे दोन प्लास्टिकचे टब घेऊनच. मागून मावशींचा आवाज जिन्यातून वर चढत होता. "मॅडम, तांदूळ धुवायच्या आत वापस पाहिजेत बरं का! न्हाईतर आज पोरायला सायन्सच वाढते मी."

एक टब पाण्यानं भरून माझ्यापुढं ठेवला आणि माझ्या हातात स्टीलचा छोटा ग्लास दिला. रिकामा टब माझ्या मैत्रिणीपुढं, आणि तिच्या हातात तांदळाच्या मापाचा मोठा डबा. मी ग्लासानं माझ्यातलं पाणी तिच्या टबात टाकायचं, त्याच वेळी तिनं डब्यानं तिच्यातलं माझ्या टबात. कुणी थांबायचं नाही, कुणी घाई करायची नाही. मॅडम टाळी वाजवतील त्या तालावर.

"मॅडम, हिला भरलेला देला अन् मला रिकामा. मी काय वारा उचलू?"

"वाराच उचल. पण हात थांबवू नको."

टाळी सुरू झाली. पहिल्या वेळी तिचा डबा टबाच्या तळावर खर्रकन घासला आणि हवाच घेऊन आला. सगळे हसले. मग हळूहळू तिच्या टबात पाणी धरायला लागलं, तिचा डबाही थोडं थोडं उचलायला लागला. माझं पाणी उतरत होतं. आणि मग एका क्षणी ते उतरायचं थांबलं. मॅडमनी दोन्ही टबांना बाहेरून पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारली.

"झालं?" मी विचारलं.

"चालू ठेव."

आम्ही चालूच ठेवलं. पाणी रेघेपाशी हिंदकळायचं, पण रेघ सोडत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, पाणी तर जागचं हलून नाही राह्यलं. ह्या दोघी फुकट राबून राह्यल्या."

"दोन्हीकडं पाणी बराबर झालंय का?"

"कुठलं!" मैत्रीण फणकारली. "हिच्याकडं ढीगभर, माझ्याकडं तळाला. मी इथं बी गरीबच."

"मंग पाणी हलायचं थांबलं कशामुळं?"

मॅडमनी आम्हाला भांडी उचलून तशीच धरायला सांगितली. माझा ग्लास काठोकाठ भरलेला. तिच्या मोठ्या डब्यात मात्र बुडाला थोडंसंच पाणी, कारण उथळ पाण्यात बुडवून बुडवून डबा भरणार किती? मॅडमनी माझा ग्लास रिकामा करायला लावला आणि तिला म्हणाल्या, "तुझ्या डब्यातलं ह्याच्यात ओत."

तिनं ओतलं. ग्लास काठोकाठ भरला. एक थेंब सांडला, तो माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

सात जणांना एकाच वेळी एकच गोष्ट कळली, आणि प्रत्येकाला वाटलं आपल्याला एकट्यालाच कळली.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "काय बराबर?"

"जाणं अन् येणं!" मैत्रीण ओरडली. "पाणी न्हाई मॅडम, वेग! वेग बराबर!"

मग आम्ही उलटं करून पाहिलं. सगळं पाणी तिच्याकडं, माझा टब रिकामा. शेवटी पातळी त्याच खडूच्या रेघांना येऊन टेकली. कुठूनही निघा, पोचायचं तिथंच. मग ग्लास बदलून पाहिला, तर पातळी दुसरीकडंच जाऊन थांबली. त्यावरून मॅडम के वर आल्या. इक्विलिब्रियम कॉन्स्टंट, समतोल स्थिरांक. अपूर्णांकात वर बनलेल्या पदार्थांची कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे तीव्रता, खाली उरलेल्यांची. के मोठा असला तर बनलेलं जास्त, लहान असला तर न बनलेलं जास्त. पण के एक आलाच पाहिजे असा कुठंही नियम नाही. निम्मं-निम्मं हा आमच्या डोक्यातला हट्ट होता, निसर्गाचा नाही. तापमान बदललं तरच के बदलतो, जसा ग्लास बदलल्यावर आमचा शेवट बदलला.

"पण टबाच्या नादाला लई लागू नका," त्या म्हणाल्या. "टबात आणखी पाणी टाकून बघाल तर उदाहरण लंगडं पडतं. कळायपुरता टब, मंग सोडून द्यायचा."

उदाहरण कुठं लंगडं पडतं हे सांगणारा शिक्षक मला त्याआधी भेटला नव्हता. नंतरही फार भेटले नाहीत.

मैत्रिणीनं मग एक गोष्ट सांगितली. "आमचा बाप दर साली एवढीच मेंढरं हाईत म्हणतो. पण मेंढरं तीच कुठं असत्यात? काही इकली, काही मेली, काही नवी झाली. आकडा तोच, मेंढरं येगळी." मॅडमनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, तिच्याच शब्दांत. 'येगळी'सुद्धा खोडून 'वेगळी' केलं नाही. तिनं मात्र लगेच हात वर केला. "पण टबाला भोक असलं तर, मॅडम?"

"मंग समतोल कधीच येत न्हाई. म्हणून तर पुस्तकात लिहिलंय, बंद भांड्यात."

त्या तासाची मला आठवण येते असं म्हणणं फार मिळमिळीत आहे. माझा जीव तिकडे ओढतो. बाहेर कापूस फुटलेला, अर्धं गाव वेचणीला, खिडकीतून येणारं ऑक्टोबरचं पांढरं ऊन, टबाला चिकटलेला तांदळाचा एक दाणा, आणि चार इयत्ता उतरून गेलेला आमचा आत्मविश्वास परत जिना चढून येत होता. मी इंग्रजीतल्या व्याख्येला पहिल्यांदा घाबरले नाही, कारण आत काय आहे ते मला आधीच माहीत होतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "दिवाळीनंतर लॅब उघडून घेऊ. फेरिक क्लोराईड अन् पोटॅशियम थायोसायनेट. एकत्र केलं की रक्तासारखा लाल रंग येतो. मंग तो गडद करायचा, फिका करायचा, तुम्ही सोता. समतोल हातानं ढकलून बघायचा."

"ढकलला तर पडंल का वो?" मैत्रीण.

"पडत न्हाई. सरकतो अन् नव्या जागी बसतो. तेच तर बघायचंय."

सगळी दिवाळी मी तो लाल रंग डोक्यात घेऊन फिरले. शेतात कापूस वेचताना, फराळाचे डबे पोचवताना. रंगाला ढकलायचं म्हणजे कसं, याचा मी विचार करत राहायचे.

आणि मग तो सोमवार. दुसऱ्या तासाला मॅडमऐवजी प्राचार्य सर आले. हातात झेरॉक्सचा गठ्ठा.

"मॅडमच्या तासिका बंद झाल्या आहेत. तुमचा पोर्शन झालेलाच आहे. या नोट्स वाटून घ्या."

मी उभी राहिले. "सर, पोर्शन न्हाई झाला. धडा निम्मा राह्यलाय."

"कुठपर्यंत झाला?"

"के पर्यंत."

"मग राहिलं काय? उरलेलं यात आहे."

"सर," मैत्रीण बसूनच म्हणाली, "झेरॉक्सला शंका कशी इचारायची?"

सर हसले. ते वाईट माणूस नव्हते, आणि हे लिहायला मला त्रास होतो, कारण वाईट माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं सोपं असतं. ते खुर्चीवर टेकले, आवाज उतरवून म्हणाले, "बघा पोरींनो, वर्गात सात जण. सात जणांवर तासिका मंजूर होत नाहीत. माझ्या हातात काही नाही."

"पटावर तर वर्ग भरलाय की, सर."

"तो विषय वेगळा. तपासणीला कागद लागतात. कागद सगळे बराबर आहेत."

"काय बराबर, सर?"

मी उद्धटपणे विचारलं नव्हतं. मॅडम विचारायच्या तसंच विचारलं होतं, खरंच उत्तर पाहिजे म्हणून. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"खाली बस."

मी बसले. तो माझा पहिला मोर्चा. बाकावरून उठून परत बाकावर बसण्याएवढाच लांब.

बघा हिशेब कसा आहे. आमची नावं आणि त्या न येणाऱ्यांची नावं मिळून वर्ग चालतो. वर्ग चालतो म्हणून कॉलेज चालतं. पण तास घ्यायची वेळ आली की मोजायला फक्त आम्ही सात. पट मोजताना आम्ही गर्दीतले, आणि शिकवताना आमची गर्दीच नाही! हा कुठला समतोल? भोक पडलेल्या टबात नुसतं बाहेर जाणं असतं. आमच्याकडून पोरं गेली, पोरांच्या मागं शिक्षक गेले, आणि समीकरणातला परत येण्याचा उलटा बाण कुणी काढलाच नाही.

त्यानंतर आम्ही सात जण दुसऱ्या तासाला काही दिवस बसत राहिलो. मैत्रीण झेरॉक्स मोठ्यानं वाचायची, समतोलावर ताण दिला तर तो ताण कमी होईल अशा दिशेनं तो सरकतो, वगैरे. वाक्य बरोबर होतं. पण वाचताना तिनं एकदाही जोक केला नाही. मधल्या सुट्टीत मी लॅबच्या खिडकीशी जायचे. कुलूप असायचं. धुळकट काचेतून फडताळात एक तपकिरी बाटली दिसायची. ती फेरिक क्लोराईडचीच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पटावरची पोरं आली. पांढरे बूट, नवे कॅल्क्युलेटर. राजूरकडचा एक जण माझ्या शेजारी उभा होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या क्लासला दिवाळीनंतर एक नवीन मॅडम आल्यात केमिस्ट्रीला. जालन्याच्याच हायेत. काही बोललं की लगेच विचारतात, काय बराबर? पोरं नक्कल करतात त्यांची."

माझ्या हातातली परीक्षानळी गार होती, तेवढं आठवतं.

"त्यांनी लाल रंगाचं दाखवलं का? थायोसायनेटचं?"

"न्हाई गं. तिथं कुठं टाइम? हजार पोरं एका हॉलमधी. स्क्रीनवर दाखवलं, बाण इकडं अन् बाण तिकडं. आम्हाला फक्त ऑप्शन टिक करायचा असतो."

म्हणजे आमच्या मॅडम आमच्याच वर्गाला शिकवत होत्या. पटावरच्या त्याच वर्गाला. फक्त आम्ही त्यात नव्हतो, आणि तिथं त्यांना टब नव्हता, लॅब नव्हती, कुणाचं 'येगळी' फळ्यावर लिहायला सवड नव्हती. मला त्यांचा राग आला नाही. घेतलेल्या तासापुरत्या माणसाला जिथं तास मिळतील तिथं जावं लागतं. राग आला तो त्या पोराच्या सहजपणाचा, आणि तोही फार टिकला नाही. त्याला काय माहीत, त्यानं काय घालवलं.

लाल रंग मला पुढं बीएस्सीला दिसला. परीक्षानळीत दोन थेंब पडले आणि खरंच रक्तासारखा आला. आणखी थायोसायनेट घातलं, गडद झाला. पाणी घातलं, फिका पडला. मी जर्नलमध्ये निरीक्षण लिहिलं, सही घेतली, नळी धुऊन ठेवली. शेजारी कुणी "मायबाई" म्हणालं नाही. तो रंग मला वेळेवर हवा होता, त्या सहा जणांबरोबर हवा होता.

मैत्रिणीनं बारावीनंतर सायन्स सोडलं. मी एकदा फोनवर तिच्यावर चिडले, तर म्हणाली, "अगं, माझं डोस्कंच नव्हतं सायन्सचं." जिला भर वर्गात मेंढरांवरून समतोल सुचला, तिला! हे तिच्या डोक्यात कुणी भरलं? कुणीच मुद्दाम भरलं नाही. बंद लॅबनं भरलं, झेरॉक्सनं भरलं, आणि सात जणांसाठी वर्ग चालत नाही म्हणणाऱ्या त्या सोमवारनं भरलं.

मी आता जालन्यात खोली करून राहते. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून पत्रकं लिहिते, बसस्टँडवर वाटते. लोक घेतात, घडी घालून खिशात ठेवतात. मस्तगडमधून जाताना माझी चाल मंद होते. कुठल्यातरी गॅलरीत, कुठल्यातरी किराणा दुकानापुढं त्या दिसतील असं वाटतं. दिसल्या तर काय बोलणार, तेही ठरवलंय. राहिलेला अर्धा धडा मला येतो, मॅडम, पण तुम्ही शिकवा ना. अजून दिसल्या नाहीत.

आता तुम्ही. हो, हे वाचणारे तुम्हीच. पत्रकात मी सरकारकडं मागण्या करते, पण ही मागणी तुमच्याकडं आहे. तुमचं पोरगं किंवा पोरगी एखाद्या खेड्यातल्या कॉलेजच्या पटावर असेल आणि बसत दुसऱ्याच शहरात असेल, तर या आठवड्यात त्या कॉलेजात जा आणि नाव काढून घ्या, नाहीतर पोराला आणून त्या बाकावर बसवा. तिसरा मार्ग ठेवू नका. आणि तुमच्या घरी अकरावीचं कुणी नसेल, तर कुठल्याही कामाच्या दिवशी, तपासणी नसताना, जवळच्या कॉलेजात दुपारी जा, विज्ञानाच्या वर्गाचं दार उघडा, फळ्यापुढं शिक्षक उभा आहे का ते स्वतः बघा. नसेल तर तिथून हलू नका. प्राचार्यांना कारण विचारा, आणि ते तुम्हाला लेखी मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.